चुंबक: 'चिकटतं' याच्या पुढे मुलांना काय दाखवाल? (सहावी ते आठवी)

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. चुंबकाचा धडा सगळ्यांना सोपा वाटतो, मुलांना आणि शिकवणाऱ्यांनाही. 'चुंबक लोखंडाला ओढतो' हे वाक्य फळ्यावर लिहायच्या आतच वर्गातून येतं. मग टाचण्या, लोहकीस, बलरेषांची आकृती, रिकाम्या जागा भरा, की झाला धडा.

माझं म्हणणं असं की खरा धडा तिथूनच सुरू व्हायला हवा. चुंबक ओढतो, ढकलतो आणि मोकळा सोडला की एका ठरावीक दिशेला वळतो. ओढणं मुलांना आधीच माहीत असतं. उरलेल्या दोन गोष्टींत सगळं विज्ञान भरलंय आणि त्यांनाच आपण सगळ्यात कमी वेळ देतो.

वर्गात मी एक कोडं घालते. दोन पट्ट्या, दिसायला अगदी सारख्या. एक पट्टीचुंबक, दुसरी साधं लोखंड. एकमेकींना चिकटतात. या दोघींशिवाय काहीही न वापरता चुंबक कोणता ते ओळखायचं. मुलं टोकाला टोक लावतात, उलटसुलट करतात, दर वेळी पट्ट्या चिकटतात. ओढण्यावरून काही कळत नाही हे पटायला वेळ जातो, आणि तो वेळ जाऊ द्यावा. मग कोणीतरी एकीचं टोक दुसरीच्या मध्यावर टेकवतं. जोरात ओढलं गेलं तर टोक टेकवलेली पट्टी चुंबक. जवळजवळ काहीच ओढ जाणवली नाही तर टोक लोखंडाचं आणि आडवी पट्टी चुंबक, कारण चुंबकाची ओढ टोकांशी एकवटलेली असते, मध्यावर नाहीशी असते. ध्रुव कुठे असतात हे त्यानंतर सांगावं लागत नाही.

मग तिसरी पट्टी देते, तीही चुंबकच. आता एका बाजूने ढकलाढकली होते. साधं लोखंड चुंबकाला कधीच ढकलत नाही, म्हणून प्रतिकर्षण हीच चुंबकाची खरी कसोटी.

तुम्ही घरी, अंगणात, समुद्रावर, डोंगरावर मुलांना काय करून दाखवता? सविस्तर लिहा.

पाटीपेन्सिल

ताई, वाचनखूण साठवली. लेक सातवीत आहे. या रविवारी चुंबक घेऊन स्वयंपाकघरात शिरली आणि यादी करून आली. तवा, कढई, विळी, कुलूप चिकटलं. पितळी डबा, तांब्याचा हंडा, ॲल्युमिनियमचं पातेलं चिकटलं नाही. इथवर ठीक. पण स्टीलने घोळ घातला. एक डबा चिकटतो, शेजारचा नाही, आणि एका पातेल्याचं पोट चिकटत नाही पण काठाशी चुंबक किंचित ओढला जातो! भांड्यांच्या दुकानात ऐकलं होतं की चिकटतं ते स्टील नकली. खरं आहे का हे?

भट्टीजवळ

नकली म्हणणं चूक. स्टेनलेस स्टील बऱ्याच प्रकारचं येतं. भांड्यांत चांगला मानला जातो तो ३०४ प्रकार, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. हा चिकटत नाही. ४३० प्रकारात क्रोमियम असतं पण निकेल जवळजवळ नसतं. हा चिकटतो आणि तोही अस्सल स्टेनलेस स्टीलच. इंडक्शनच्या शेगडीवर चालणाऱ्या भांड्याचा तळ चुंबकाला चिकटणाराच असावा लागतो.

मुलीला यातली एक गोष्ट आवर्जून सांगा. लोखंड चुंबकाला चिकटतं, शुद्ध निकेलही चिकटतं, पण दोन्ही असलेलं ३०४ चिकटत नाही. म्हणजे पदार्थात कोणते अणू आहेत एवढ्याने भागत नाही, ते कसे रचलेत यावरही चुंबकत्व ठरतं. पातेल्याचा काठ ओढला जातो तो यामुळेच. पत्रा थंड असताना दाबून, ताणून काठ वळवतात, तेव्हा तिथली अणूंची रचना थोडी बदलते आणि तेवढ्या भागात चुंबकीय गुण येतो. सपाट पोटात तो नसतो. लेकीने तो काठ टिपला याचं मला फार कौतुक वाटलं.

नाण्यांवरही करा. हल्लीचं स्टीलचं एक रुपयाचं नाणं चिकटतं. जुना जाड रुपया तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा, तो चिकटत नाही.

खडूफळा

भट्टीजवळ, फारच छान. रचनेचा विषय निघालाच आहे तर स्ट्रॉचा प्रयोग सांगते.

जाड पारदर्शक स्ट्रॉ घ्या, एक टोक मेणाने बंद करा, आत लोहकीस भरा आणि दुसरं टोकही बंद करा. गच्च भरू नका, कीस आत हलायला हवा. होकायंत्राजवळ न्या. स्ट्रॉचं कुठलंही टोक नेलं तरी सुई ओढलीच जाते, कारण हे नुसतं लोखंड आहे. आता चांगल्या जोरदार चुंबकाचं एक टोक स्ट्रॉवरून एकाच दिशेने फिरवा. शेवटाला पोचलात की चुंबक उचलायचा आणि परत सुरुवातीपासून. पुस्तकातली एकस्पर्शी पद्धत ती हीच. बाहेरून नीट पाहिलंत तर किसाचे कण उभे राहताना, रांगेत लागताना दिसतात. पुन्हा होकायंत्राजवळ न्या. आता एक टोक सुईच्या उत्तर टोकाला ओढतं, दुसरं ढकलतं. स्ट्रॉ चुंबक झाली.

मग स्ट्रॉ जोरात हलवा आणि पुन्हा तपासा. ढकलणं गेलेलं असतं.

लोखंडाच्या आत तसेच छोटे छोटे भाग असतात. प्रत्येक भाग स्वतःपुरता चुंबकच, पण प्रत्येकाची दिशा वेगळी. मधल्या सुट्टीत मैदानावर मुलं वाट्टेल तिकडे तोंड करून असतात तसं. प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांची तोंडं एकीकडे झाली की लोखंडाचा चुंबक झाला. चुंबक आपटला किंवा तापवला की दुबळा का होतो आणि मधोमध तोडला तर एकटा उत्तर ध्रुव हाती का येत नाही, हे मुलं मग स्वतः सांगतात. तोडलेल्या प्रत्येक तुकड्यातही तोंडं एकाच बाजूला असतात, म्हणून प्रत्येक तुकड्याला दोन ध्रुव.

नवखा_बाबा

मुलाचा प्रश्न: हे सगळं लोखंडातच का? तांब्यात का नाही?

कणकण

सातवीच्या मुलाला झेपेल एवढं सांगतो.

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा अतिशय बारीक चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉन जोडीने असतात आणि जोडीतले दोघे एकमेकांविरुद्ध दिशेचे, त्यामुळे त्यांचा परिणाम पुसला जातो. लोखंडाच्या अणूत काही इलेक्ट्रॉनना जोडीदार नसतो, म्हणून अणूच चुंबक बनतो. एवढं इतर काही मूलद्रव्यांतही असतं. लोखंड, निकेल, कोबाल्ट यांचं वेगळेपण पुढे आहे. यांचे शेजारी अणू एकमेकांना आपल्याच दिशेला धरून ठेवतात आणि बाहेरचा चुंबक काढून घेतला तरी ती एकी पूर्ण मोडत नाही. ही एकी उष्णतेने मोडते. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं तर चुंबक त्याला ओढत नाही. थंड झालं की पुन्हा ओढतो. या तापमानाला पिएर क्यूरींचं नाव दिलंय.

वीज आणि चुंबक यांचं नातंही याच वयात दाखवा. १८२० मध्ये कोपनहेगनला हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांना दिसलं की तारेतून वीज सोडली की जवळची चुंबकसूची हलते. घरी करायला एक सेल, हातभर तार आणि होकायंत्र पुरे. तार सुईच्या वर, उत्तर-दक्षिण धरायची आणि सेलला क्षणभरच जोडायची. जास्त वेळ जोडलीत तर तार आणि सेल दोन्ही तापतात. सेल उलटा लावला की सुई उलट बाजूला वळते. मुलांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य इथे बघण्यासारखं असतं, कारण तार तांब्याची! जे चुंबकाला चिकटतच नाही, त्यातून वीज गेली की ते चुंबकासारखं वागतं.

हीच तार, लाखेचा लेप असलेली, खिळ्याभोवती गुंडाळली की विद्युतचुंबक. वीज बंद केली की खिळा जवळजवळ सगळं चुंबकत्व सोडून देतो. खिळ्याच्या जागी पोलादी सुई घेतली तर तिच्यात ते टिकतं. कायमचा चुंबक पोलादाचा करायचा आणि विद्युतचुंबकाचा गाभा मऊ लोखंडाचा ठेवायचा, तो यासाठी.

सुईदोरा

मी पाण्यातल्या सुईचं लिहिते. माझ्या नातवंडांना तोच खेळ सगळ्यात आवडतो.

शिवायची सुई चुंबकावर एकाच दिशेने घासायची, थर्माकोलच्या पातळ चकतीवर ठेवायची आणि पाण्यावर सोडायची. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं घ्यावं. वर स्टीलचं वाचलंत ना, ते मधेच लुडबुड करतं. खिडकी बंद, पंखा बंद. सुई सावकाश फिरते, थोडी पुढे जाते, परत येते आणि उत्तर-दक्षिण थांबते. बोटाने फिरवून सोडली तरी तिथेच येते. चुंबकाच्या उत्तर ध्रुवाने घासली असेल तर जिथे घासणं संपतं ते टोक दक्षिण ध्रुव होतं. नातीने आधी वहीत अंदाज लिहिला आणि मग सूर्य कुठे मावळतो त्यावरून पडताळून पाहिला.

आता नातवाचा प्रश्न तुमच्यासमोर ठेवते. 'आजी, उत्तरेकडे ओढते तर मग ही होडी उत्तरेच्या काठाला जाऊन लागत का नाही? मधेच का फिरत राहते?' मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला.

कणकण

आजी, नातवाला शाबासकी सांगा. हाच प्रश्न घेऊन रॉबर्ट नॉर्मन नावाचा लंडनचा होकायंत्र बनवणारा कारागीर बसला होता. त्याने १५८१ मध्ये छापलेल्या पुस्तकात प्रयोग दिलाय. बुचात लोखंडी तार खोचायची आणि बूच थोडं थोडं छाटत जायचं, इतकं की ते पाण्यात मधोमध तरंगत राहील, वर येणार नाही आणि बुडणारही नाही. मग तार चुंबकावर घासून परत पाण्यात सोडायची. त्याची तार वळली, एका टोकाने खाली कलली, पण जागेवरून कुठेच सरकली नाही.

कारण असं की सुईच्या एका टोकाला पृथ्वी जेवढी एकीकडे ओढते, तेवढीच दुसऱ्या टोकाला उलट दिशेने. सुई पृथ्वीच्या मानाने एवढीशी आहे की दोन्ही टोकांपाशी तिचं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे चुंबकाचा प्रभाव, सारखंच. दोन समान बलं उलट दिशांना लागली की वस्तू फिरते, सरकत नाही. पट्टीचुंबक जवळ आणलात तर मात्र होडी सरळ त्याच्याकडे धावते. तिथे जवळच्या टोकाला ओढ जास्त आणि लांबच्या टोकाला रेटा कमी.

सुईचं खाली कलणंही महत्त्वाचं. चुंबकसूची वर-खाली फिरू शकेल अशी टांगली तर मुंबईजवळच्या किनाऱ्यावर तिचं उत्तर टोक पंचवीस अंशांहून थोडं जास्तच खाली कलतं. दक्षिणेकडे जाल तसं हे कलणं कमी होत जातं आणि भारताच्या दक्षिण टोकाजवळ सुई जवळजवळ आडवी राहते.

नवखा_बाबा

सुईचं उत्तर टोक उत्तरेला ओढलं जातं म्हणजे तिकडे दक्षिण ध्रुव असायला हवा ना? विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात म्हणून.

खडूफळा

अगदी बरोबर. भूगोलातल्या उत्तर ध्रुवाच्या बाजूला पृथ्वीच्या चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो. आधी पाण्यातली सुई दाखवली की मुलांना तो पाठ करावा लागत नाही.

पृथ्वी स्वतःच चुंबक आहे हे विल्यम गिल्बर्टने १६०० साली मांडलं. तो राणी एलिझाबेथचा वैद्य होता. त्याने चुंबकदगडाचा गोळा घडवला, त्यावर बारीक सुया ठेवल्या आणि त्या नॉर्मनच्या तारेसारख्याच कलतात हे दाखवलं. त्या काळी लोक म्हणत की लसणाने चुंबकाची शक्ती जाते. गिल्बर्टने ते खोटं ठरवलं. वर्गात लसणाची पाकळी चुंबकाला चोळायला द्या. म्हटलेलं तपासून बघायची सवय याच वयात लागते.

पण पृथ्वीच्या पोटात मोठा पट्टीचुंबक ठेवल्याची आकृती बघितली की मी थांबते आणि ७७० अंशांची आठवण करून देते. गाभा त्याहून कितीतरी तप्त आहे, तिथे लोखंडाचा कायमचा चुंबक टिकूच शकत नाही. बाहेरच्या गाभ्यात लोखंड वितळलेलं आहे. ते सतत हलतं, त्यातून विद्युतधारा वाहते आणि त्या धारेमुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ओर्स्टेडची तार इथे पुन्हा उपयोगी पडते.

अष्टागर

आमच्या अलिबागचा उल्लेख अजून कसा आला नाही? समुद्रकिनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे, पर्यटक शेजारून निघून जातात.

मुंबईत कुलाब्याला वेधशाळा १८२६ पासूनची. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी तिथे १८४१ पासून होत होती. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरच्या स्फोटामुळे आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ कुलाब्याच्या उपकरणांनी टिपलं. क्षेत्राचा आडवा भाग सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली आला होता, म्हणजे मूळच्या जवळपास चार टक्के. त्या वादळाचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ आजही कुलाब्याची ती नोंद वापरतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामची वीज जमिनीत झिरपते आणि तिचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात मिसळतं. कुलाब्याची मोजणी बिघडणार हे नक्की होतं. तेव्हाचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी मोजणी अलिबागला हलवली. १९०४ मध्ये अलिबाग सुरू झालं आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडता येतील. विजेची ट्राम १९०७ ला धावली. वेधशाळेची इमारत पोरबंदरच्या दगडाची, कारण आपला काळा पाषाण चुंबकीय असतो. आता ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, संस्थेचं मुख्य ठिकाण नवीन पनवेलला.

ट्राम येण्याआधी, एकही आकडा बिघडायच्या आत जागा हलवणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. मुलांना हे जरूर सांगा.

सह्यभटका

अष्टागर, +१. काळ्या पाषाणाचं पुढे नेतो. किल्ल्यावर होकायंत्र थेट कातळावर ठेवू नका, हातात धरा. बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या पाषाणात, मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असतात, आणि वीज पडलेल्या माथ्यावरच्या कातळाजवळ तर सुई चांगलीच भरकटते. कातळावर ठेवून आणि कमरेइतक्या उंचीवर धरून, दोन्हीकडे दिशा बघा. मुलांना फरक लगेच दिसतो.

त्याहून मोठी गोष्ट अशी: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन हा कातळ बनला तेव्हा त्या कणांनी त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली, ती आजही मोजता येते. दख्खनच्या बऱ्याच थरांत ती आजच्या उलट आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. आणि खडकातल्या कलण्यावरून कळतं की ही भूमी त्या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. कणकण यांनी सुईचं कलणं सांगितलं, त्याच कलण्यावरून भारत उत्तरेकडे सरकत आला हे समजलं. शेवटचं उलटणं सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीचं.

पुळण

लोहकीस विकत आणायची गरज नाही. कोकणात कितीतरी पुळणींवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांवर, काळे पट्टे दिसतात. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या सुक्या वाळूतून फिरवा, पिशवीवर काळे कण उभे राहतात. मॅग्नेटाइटच ते. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की कण कागदावर पडतात, चुंबकाला एकही चिकटत नाही. पांढऱ्या कागदाखाली चुंबक धरून हे कण भुरभुरवा आणि कागदावर हलकेच टिचकी मारा. बलरेषा लोहकिसापेक्षाही रेखीव दिसतात, कण बारीक असल्यामुळे. वाळू कोरडी हवी, ओल्या वाळूत काहीच नीट होत नाही.

दवाखाना_दुपारचा

उत्साहात एक गोष्ट राहू नये म्हणून लिहिते. खेळण्यांत येणारे चकचकीत छोटे गोळे निओडिमियमचे चुंबक असतात आणि फार जोरदार असतात. मुलाने एकापेक्षा जास्त गिळले, किंवा एक चुंबक आणि एखादी लोखंडी वस्तू गिळली, तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात. मधली आतड्याची भिंत चेपली जाते आणि तिला भोक पडू शकतं. सुरुवातीला मूल हसतखेळत असतं, म्हणून पालक वाट बघतात. वाट बघू नका. संशय आला तरी लगेच रुग्णालयात न्या आणि चुंबक गिळल्याचं सांगा. या प्रयोगांना साधे शाळेचे चुंबक पुरतात. घरात लहान भावंड असेल तर हे गोळे आणूच नयेत. पेसमेकर बसवलेल्या माणसापासूनही जोरदार चुंबक लांब ठेवा.

पाटीपेन्सिल

डॉक्टर, मनापासून आभार. आमच्याकडचे गोळे आजच बाहेर काढते.

मोबाइलबद्दलही लिहिते. मोबाइलमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक असतो, त्याचे आकडे दाखवणारी मोफत ॲप मिळतात. आमच्या अंगणात आकडा चाळीस मायक्रोटेस्लाच्या थोडा वर येतो. कपाटाजवळ, दुचाकीजवळ गेलं की बदलतो. लेक आता घराचा नकाशा काढून खोलीवार आकडे भरते आहे.

खडूफळा ताई, शाळेतले जुने पट्टीचुंबक इतके दुबळे का असतात? काही करता येतं का?

खडूफळा

ठेवण्याची पद्धत चुकते. चुंबक एका डब्यात कसेही टाकलेले असतात, सजातीय ध्रुव एकमेकांना टेकून, आणि वर्षभर आपटत राहतात. दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवायच्या, एकीचा उत्तर ध्रुव दुसरीच्या दक्षिण ध्रुवाजवळ, मधे लाकडाची पट्टी आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे. नालाकृती चुंबकाच्या दोन पायांवर एकच तुकडा पुरतो. दुबळा झालेला चुंबक नव्या जोरदार चुंबकाने एकाच दिशेने घासला तर बराचसा परत येतो. घासण्याआधी होकायंत्राने ध्रुव तपासून घ्या. जुन्या चुंबकावरचा रंग कधी कधी चुकीचा निघतो, आणि ते शोधून काढायचं काम मी सहावीच्या मुलांनाच देते.

पुळण, थोडी काळी वाळू पाठवता येईल का? पोस्टाचा खर्च मी देते, व्यक्तिगत निरोप केलाय.